गार्ड खाते

माझे वडील मालगाडीवर गार्ड होते. नोकरीच्या शेवटी शेवटी त्या पदाचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' झालं. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "मग आता तुमच्या डब्यात पंखा लावतीन का?" बाबा म्हणाले, "नाही." तो विषय तिथे संपला.

गार्डाकडे एक वही असते. तिला रफ जर्नल म्हणतात. गाडी कुठे थांबली, किती वाजता सुटली, कशामुळे थांबली, हे त्यात लिहायचं. रेल्वेच्या बोलीत गाडी उगाच थांबत नाही, ती डिटेन होते, आणि डिटेन झालेलं प्रत्येक मिनिट कुठल्या तरी खात्यावर टाकावं लागतं. इंजिन बिघडलं तर लोको खाते. सिग्नल बिघडला तर सिग्नल खाते. म्हैस आडवी आली तर म्हशीला खातं नसल्याने थोडा वाद होतो. आणि खुद्द गार्डामुळेच गाडी थांबली तर गार्ड खाते. बाबा सांगायचे की सगळ्यात कोरं खातं हेच. लिहिणारा गार्डच असतो, त्यामुळे यात नवल नव्हतं.

छत्तीसगढातल्या चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही याच बोलीत वाढलो. शाळेतून यायला उशीर झाला की आई विचारायची, "कोणाच्या खात्यावर?" मी म्हणायची, "सायकल खात्यावर." सायकल काही बोलायची नाही.

मी पर्चे लिहिते, म्हणजे चौकात वाटायची पत्रकं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, त्यामुळे पर्चे हिंदीत. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून लिहितेय. पर्च्याची रीत ठरलेली असते. पहिली ओळ प्रश्न. दुसऱ्या ओळीत 'लूट' किंवा 'साजिश'. चौथ्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याला राग आला पाहिजे, कारण पावर हाउस नावाच्या बाजाराच्या चौकात पाचव्या ओळीपर्यंत कोणी थांबत नाही, ऑटो सुटतो. एक पर्चा मी चाळीस मिनिटांत लिहिते. याचा मला अभिमान होता. आमच्या चळवळीच्या गटात पाच जण आहेत, आणि बाकी चौघांनाही माझा अभिमान होता, कारण त्यामुळे त्यांना लिहावं लागत नव्हतं.

बाबा रिटायर झाल्यावर आम्ही कुरुदला लहानसं घर बांधून राहायला आलो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक पायवाट आहे. ती पलीकडच्या पक्क्या घरांकडे आणि बसस्टॉपकडे निघते. या वाटेला लागून एक नवी कॉलनी उभी राहिली. कॉलनीला भिंत पाहिजे होती आणि भिंतीला नेमकी वाटेचीच जागा पाहिजे होती. पालिकेची नोटीस लागली: पंधरा दिवसांत लेखी आक्षेप द्यावा, न दिल्यास कोणाचं काही म्हणणं नाही असं धरून वाट बंद करण्यात येईल.

वाट बंद झाली तर सगळ्यात आधी बुडणार होती आमच्या गल्लीतली दाई. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. नागपूरकडून पाहुणे आले की त्यांना वाटतं ही बाळंतपणं करते. ती स्वयंपाक करते, पलीकडच्या तीन घरांत. पहिल्या घरी साडेसहाला पोचावं लागतं, कारण तिथल्या साहेबांचा टिफिन प्लांटला जातो. एकदा तिला उशीर झाला तेव्हा त्या घरच्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं की दुसरी बाई बघून ठेवलेली आहे. वाटेने दाईला अकरा मिनिटं लागतात. मोठ्या रस्त्याने फिरून गेलं तर चौतीस. तेवीस मिनिटांचा फरक. तिचा डावा गुडघा तेवढं जास्तीचं रोज दोनदा चालणार नव्हता, हे तिला माहीत होतं आणि गुडघ्यालाही.

"आक्षेप मी लिहिते," मी बैठकीत म्हटलं. चौघांनी लगेच माना डोलावल्या.

आता, आक्षेप म्हणजे पर्चा नव्हे. गल्लीत बावीस घरं. प्रत्येक घरी जाऊन विचारायचं की वाट कोण वापरतं, केव्हापासून, कशासाठी, दिवसातून किती वेळा. मग ते नीट लिहायचं, वाचून दाखवायचं, सही घ्यायची. यात 'साजिश' लिहून चालत नाही. यात राग लागतच नाही. आणि राग नसला की माझा हात चालत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी सकाळी दहाला टेबलाशी बसायची. सव्वादहाला ग्रुपवर कोणीतरी दूरच्या कुठल्या शहराचा व्हिडिओ टाकायचं. तिथे कोणी कोणाची झोपडी पाडत असायचं. मला राग यायचा. राग आला की हात चालायचा. ज्या शहरात मी कधी गेले नाही त्या शहरासाठी मी चाळीस मिनिटांत पर्चा लिहायची. तो तिथल्या कोणी मागितलेला नसायचा. मग त्याखाली लोक मुठीची चित्रं टाकायचे, एखादा भांडायला यायचा, त्याला उत्तर देणं भाग असायचं. बारा वाजायचे. आई जेवायला हाक मारायची. जेवल्यावर शेजारच्या लग्नाचा डीजे लागायचा, तोही एक अन्यायच होता, त्याच्याविरुद्ध तोंडी लिहायची. नऊ दिवस गेले. दूरच्या शहरांसाठी सहा पर्चे झाले होते. आमच्या गल्लीतली तीन घरं झाली होती.

दहाव्या दिवशी दाई कामावरून येताना दारात उभी राहिली. "नोनी, मोर कागज बनगे का?" पोरी, माझा कागद झाला का, एवढंच तिने विचारलं.

"बन रहा है दाई. थोड़ा बचा है."

तिने टेबलाकडे पाहिलं. टेबलावर तीन कागद होते. तीन कागद मोजावे लागत नाहीत. "बने," म्हणजे बरं, असं म्हणून ती गेली.

बाबा खाटेवर पेपर वाचत होते. पेपर न हलवता म्हणाले, "थोडं म्हणजे किती वं, मॅडम?"

"एकोणीस घरं."

"बावीसपैकी?"

"हो."

"मंग जे झालं ते थोडं म्हण ना."

मला राग आला आणि राग आल्यामुळे मी छान बोलले. मी सांगितलं की आजच्या काळात माणसाचं लक्ष हीच सगळ्यात मोठी लूट आहे, कंपन्या अब्जावधी माणसांची एकाग्रता विकून राहिल्या आहेत, आणि हे सगळं ठरवून चाललं आहे. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला दुसऱ्याचा आवाज संपण्याची वाट बघता येते.

"लुटले किती मिनिटं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"कितीपासून कितीपर्यंत? आज."

मला माहीत नव्हतं.

"एवढे पर्चे लिहून राहिली अन् टाइम माहीत नाही. आण वही."

आक्षेपासाठी पावर हाउसहून आणलेल्या रेघी वह्यांतली एक त्यांनी घेतली, स्केलने उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं: थांबली. सुटली. कारण. खाते. हलत्या गाडीत आयुष्यभर लिहिल्यामुळे त्यांचं अक्षर घरच्या टेबलावरही हलतं. मी विचारलं, 'थांबली' कशाला, 'थांबले' पाहिजे. ते म्हणाले, "तू नाही, गाडी. तू गार्ड. बसली की गाडी सुटली. उठली, मोबाइल घेतला, खिडकीतून पायलं, की थांबली. टाइम लिही. अंदाजे नाही लिहायचा."

पहिल्या दिवशीचं माझं पान त्यांनी चष्मा लावून वाचलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'नफेखोर कंपन्यांनी हेतुपुरस्सर रचलेलं आकर्षण.' ते रकान्यात मावलं नव्हतं, पुढच्या दोन रकान्यांवरून गेलं होतं.

"हे कारण नाही, हे भाषण हाये. रकाना केवढा हाये? दोन शब्दांचा. मोबाइल लिही. नुसतं 'मो.' लिहिलं तरी जमते."

खात्याच्या रकान्यात मी कंपनी, ग्रुप, डीजे आणि आई असं टाकलं होतं.

"कंपनीचा माणूस आला होता का घरी?"

"नाही."

"मंग मोबाइल उचलला कोणी?"

मी मोबाइल वहीखाली सरकवला.

"गार्डानं उचलला. गार्ड खाते."

"बाबा, हे व्यवस्थेला मोकळं सोडणं झालं."

"व्यवस्थेचं तू पर्च्यात लिही ना, कोण नाही म्हणते? इथं तू गाडी चालवून राहिली."

"तुम्ही कधी टाकलं होतं गार्ड खात्यावर?"

"दोनदा."

"सगळ्या नोकरीत दोनदा?"

"दोनदा म्हणजे लय झालं. बाकीच्यांचं कोरं हाये." मग म्हणाले, "एक वेळा टिफिन खाली राहिला होता. उतरून घेऊन आलो. नऊ मिनिटं. जबाब मागितला, देऊन टाकला."

"काय दिला जबाब?"

"आलू-गोबी होती."

आई आतून म्हणाली, "भेंडी होती."

दुसऱ्या दिवसापासून मी खरं लिहायला लागले. यात काही साधना वगैरे नव्हती. वहीमुळे माझं लक्ष लागलं ते वेगळ्या कारणाने. मोबाइल उचलायचा तर आधी घड्याळ बघा, वेळ लिहा, ठेवताना परत लिहा, कारण लिहा, आणि शेवटच्या रकान्यात स्वतःचं पद लिहा. याचा इतका कंटाळा यायचा की मी हात मागे घ्यायची. कंटाळ्याने माझं जे भलं केलं ते निश्चयाने कधी केलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट वहीत दिसली, ती मला आवडली नाही. 'मो.' लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक ओळीत मी मोबाइल बघायला उचललाच नव्हता. मी चिडायला उचलला होता. काम अवघड झालं की मला कुठेतरी अन्याय पाहिजे असायचा, आणि तो दूरचा असला की बरं, कारण दूरच्या अन्यायासाठी बावीस घरं हिंडावी लागत नाहीत. हे मी कारणाच्या रकान्यात लिहिलं नाही. दोन शब्दांत बसत नव्हतं.

गल्लीतही मी तेच रकाने हिंदीत करून घेऊन गेले. आधी लोकांना विचारायची, या अन्यायाबद्दल तुम्हाला काय वाटतं? लोक म्हणायचे, काय वाटणार. आता विचारायला लागले, सकाळी किती वाजता निघता, किती वाजता पोचता? यावर माणसं जागी व्हायची. नवरा म्हणायचा सहा दहा, बायको आतून म्हणायची सहा वीस, तुम्ही चप्पल शोधता ते धरा. दाईबरोबर मी बाबांचं घड्याळ बांधून दोन्हीकडून चालले, एक दिवस वाटेने, एक दिवस मोठ्या रस्त्याने. अकरा आणि चौतीस. मोठ्या रस्त्याला ती दोनदा बसली. तेही लिहिलं: बसली, उठली.

चौदाव्या दिवशी बावीस घरं झाली. पंधराव्या दिवशी सकाळी मी पावर हाउसला झेरॉक्स काढायला निघाले तेव्हा बाबा म्हणाले, "पानं मोजून घे."

मी मोजली नाहीत. झेरॉक्सवाल्याच्या काउंटरवर सगळ्या वह्यांची सुटी केलेली पानं एकत्र होती, सगळी रेघी, सगळी रकान्यांची. त्याने पिन मारली, मी कार्यालयात जाऊन दिलं, शिक्का घेतला. शिक्का सुंदर उठला होता. त्याचा फोटो मी ग्रुपवर टाकला आणि वहीत तीन मिनिटं गार्ड खात्यावर टाकली.

सुनावणी तीन आठवड्यांनी होती. आमच्याकडून मी, दाई आणि आमच्या गटातला थोरला साथी. घोषणा तोच बांधतो, माझ्याकडून घरची मराठी थोडीफार शिकला आहे. कॉलनीकडून त्यांचा मॅनेजर. सुनावणी घेणारे साहेब शांत माणूस होते, प्रत्येक पान उलटून बघत होते. एका पानावर थांबले.

"ये किस भाषा में है?"

मी ते पान लांबून ओळखलं. माझं होतं. मधल्या एका दिवसाचं.

"मराठी, सर," साथी म्हणाला.

साहेबांनी सावकाश वाचलं. "दस पंद्रह, थांबली. दस पचास, सुटली. थांबली मतलब?"

थांबली म्हणजे थांबली. पण साथी माझ्याआधी बोलला. "रोकी गई, सर."

"और ये, मो.?"

साथीला ते माहीत नव्हतं. पण त्याला कधी काही माहीत नसल्याने अडत नाही. "मोड़ पर, सर."

"खाते, गार्ड." साहेबांनी चष्मा काढला. "यानी आपका गार्ड एक औरत को मोड़ पर पैंतीस मिनट रोक के रखता है?"

कॉलनीचा गार्ड म्हणजे साठीचा एक म्हातारा. वाटेच्या वळणावर प्लास्टिकच्या खुर्चीत शिट्टी गळ्यात घालून बसलेला असायचा. शिट्टी वाजवताना मी त्याला कधी पाहिलं नाही. उन्हात दाई परतताना तो तिला पाणी द्यायचा.

"मेरी जानकारी में नहीं है सर," मॅनेजर म्हणाला. "लेकिन ऐसा है तो आज ही हटा देते हैं. दूसरा रख लेंगे. शिकायत खत्म."

ते इतक्या सहज म्हटलं गेलं की मला आधी कळलंच नाही. मग कळलं. एक माणूस जाणार, भिंत राहणार, आणि कागदावर लिहिलं जाणार की तक्रारीची दखल घेतली. साथीने टेबलाखालून माझा पाय दाबला. त्याचा अर्थ होता, केस बनली आहे, गप बस. दाई माझ्याकडे बघत होती. तिला मराठी येत नाही, पण 'गार्ड' आणि 'हटा देते हैं' तिला समजलं होतं.

मी गप्प बसले. खूप नाही, पण बसले.

मग म्हटलं, "सर, वो गार्ड मैं हूँ."

"जी?"

मी सांगितलं. रफ जर्नल सांगितलं, रकाने सांगितले. थांबली ती गाडी, मो. म्हणजे मोबाइल, आणि त्या दिवशी सव्वादहा ते दहा पन्नास मी आक्षेप लिहायचा सोडून कुठल्यातरी शहरातल्या अनोळखी माणसाशी मोबाइलवर भांडत होते. त्याच्या खालच्या ओळीपण माझ्याच आहेत. पान चुकून लागलं. सरकारी कार्यालयात, शिक्क्यासकट, मी माझ्या नावावर पस्तीस मिनिटं टाकली.

साहेबांनी पान पुन्हा पाहिलं. "बारह चालीस से एक दस भी?"

"जी."

"उसमें कारण 'डीजे' लिखा है. और खाते में गार्ड."

"डीजे तो बज रहा था सर. उठकर लड़ने मैं गई थी."

मॅनेजर हसला. त्याला वाटलं आमचा आक्षेपच गेला, आणि क्षणभर मलाही तसंच वाटलं. साहेबांनी विचारलं, "बाकी पन्ने भी ऐसे ही हैं?"

"बाकी पन्ने चल के नापे हैं," मी म्हटलं. "ग्यारह और चौंतीस. आप चल के देख लीजिए."

तेवढ्यात दाई बसल्या जागेवरून म्हणाली, "ओ गार्ड ह मोला पानी देथे, साहब. ओला झन हटावव." त्याला काढू नका. तिने वाटेबद्दल एक शब्द काढला नाही. ज्यासाठी ती अर्ध्या दिवसाचं काम सोडून आली होती ते तिने राहू दिलं.

बाहेर आल्यावर साथी माझ्यावर तापला. "चुप रहती तो बात बन गई थी."

"काय बनली होती? नोकरी चालली होती त्याची. वाट कुठे मिळत होती?"

"दबाव बनता."

"तू थांबलीचं रोकी गई केलंस."

"भावानुवाद था," तो म्हणाला, आणि पुढे आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या आठ दिवसांत माझं डिटेन्शन बरंच कमी झालं, पण ते त्याला सांगितलं नाही.

साहेब पुढच्या मंगळवारी जागा बघायला आले. दाईबरोबर आधी वाटेने चालले, मग मोठ्या रस्त्याने. मी सोबत नव्हते, बोलावलं नव्हतं. गार्ड खुर्चीत होता, त्याने नंतर सांगितलं की मोठ्या रस्त्याने फिरून आल्यावर साहेबांनी त्याच्याकडे पाणी मागितलं. महिन्याभराने कागद आला: भिंत बांधण्यास हरकत नाही, मात्र पुढील आदेशापर्यंत वाटेवर पायी जाण्याइतकी जागा मोकळी ठेवावी. आता तिथे भिंतीत एक फट आहे. दाई जाते, दाईची पिशवी जाते, मोटरसायकल जात नाही. पुढील आदेश कधी येईल ते कोणाला माहीत नाही, म्हणून बावीस पानांच्या दोन प्रती मी काढून ठेवल्या आहेत. या वेळी मोजून.

सुनावणीच्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी नेहमीसारखी वही मागितली. दिवसभर मी कार्यालयात होते, त्यामुळे पान जवळजवळ कोरं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. पानं मोजली नाहीत हेही.

"अन् तो मॅनेजर म्हणाला हटवून देतो, तव्हा तू लगेच बोलली?"

"लगेच नाही."

"किती?"

"अर्धं मिनिट असेल."

"साथी खाते?" त्यांनी विचारलं. त्याने पाय दाबल्याचंही मी सांगितलं होतं.

"नाही."

त्यांनी चष्मा काढून मिटला. "अर्धं मिनिट लिहत नसते जर्नलमधी. मिनिटाच्या खालचं सोडून देते."

ते झोपायला वळले. मी वही ओढून ती ओळ लिहिली, थांबली, सुटली, आणि शेवटच्या रकान्यात खातं टाकलं. कारणाचा रकाना मात्र तसाच राहिला आहे. दोन शब्द शोधतेय.